आपल्या खुशीने

बिष्णूचं बोट एका शब्दावर थांबलं आणि पुढे सरकेना.

"दिदी, हे थँक्यू आहे ना?"

"हो."

"हे कुठून आलं? आमानं थँक्यू म्हटलेलंच नाही."

बुधवारची दुपार होती. शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम. केंद्राच्या सभागृहात आम्ही तिघीच होतो. मी, बिष्णू आणि तिची सासू धनमाया. छापखान्यातून पुस्तिकांची खोकी नुकतीच आली होती आणि मोठ्या हौसेनं मी त्यातली पहिली प्रत काढून बिष्णूच्या हातात दिली होती. नवव्या पानावर तिच्या सासूचं नाव होतं, धनमाया राई. त्याखाली कविता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'अनुवाद : कुंदा मिरजकर'. ते बारीक अक्षर मी सकाळपासून चार वेळा वाचलं होतं.

बिष्णू मशरूमच्या कारखान्यात कामाला जायची आणि आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे इंग्रजी शिकायला यायची. ती अजून बोट लावूनच वाचायची. पण थँक्यू हा शब्द या देशात आलेल्या माणसाला सगळ्यात आधी येतो.

"कविता इंग्रजीत नेताना थोडं इकडचं तिकडे होतं," मी म्हटलं.

बिष्णूनं माझ्याकडे पाहिलं, मग सासूला त्यांच्या नेपाळीत काहीतरी सांगितलं. धनमाया खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. ती रागावली नाही. मला म्हणाली, "नानी, इकडे बस. माझं गाणं मला सांग."

त्यांच्यात आमा म्हणजे आई, आणि नानी म्हणजे लहान मुलगी. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते.

कॅनडाच्या गवताळ मुलखातलं ते एक छोटं शहर. मी तिथे पोचले त्याआधी अकरा वर्षं इचलकरंजीत मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. नवऱ्याला, शिरीषना, पाइप वेल्डिंगच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून आम्ही आलो. माझ्या बी.एड.चं तिथे कुणाला काही पडलं नव्हतं. दोन वर्षं मी एका मोठ्या कोंबडीपालन केंद्रावर अंडी खोक्यांत भरली. दिवसाकाठी किती हजार ते मोजायचं मी पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं. मग नवागतांसाठी चालवलेल्या या केंद्रात दुभाष्याची जागा निघाली. गावात भूतानमधून घालवून दिलेल्या नेपाळी बोलणाऱ्या लोकांची अकरा घरं नुकतीच आली होती. अठरा-अठरा वर्षं नेपाळमधल्या छावण्यांत बांबूच्या झोपड्यांत काढून आलेली ही माणसं. केंद्रात नेपाळी कुणालाच येत नव्हतं, पण त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना हिंदी समजायचं. त्यांचं हिंदी मोडकं, माझं कोल्हापुरी वळणाचं. तरी जमलं. करार जूनपर्यंतचा होता. पुढे वाढेल, असं कॅरल म्हणाली होती.

कॅरल केंद्राची प्रमुख. तिच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ आजही रेटत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझा कोट बघून ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच्या बहिणीचा जाड कोट माझ्या खुर्चीवर ठेवून गेली. घर सोडून आलेल्यांच्या कवितांचा कार्यक्रम ही कल्पना तिचीच. नऊ देशांतली बारा माणसं आपापल्या भाषेत कविता म्हणणार, मग इंग्रजी अनुवाद वाचला जाणार. धनमायाला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं गिरवायला दिली की ती पेन्सिल खाली ठेवायची आणि गुणगुणत बसायची. कॅरलनं ते ऐकलं आणि मला म्हणाली, "ही काय म्हणते ते लिहून घे ना, कुंडा." माझ्या नावातला द तिला कधी जमला नाही.

तीन दुपारी ती एकेक ओळ गाऊन हिंदीत सांगत गेली आणि मी लिहून घेतलं. गाणं असं होतं :

अंगणात भात वाळत होता, तो तसाच राहिला.
गोठ्यात गाभण गाय होती, तिचं दावं मी सोडलं.
ती माझ्यामागे ओढ्यापर्यंत आली,
मी दगड मारून तिला परतवलं.
ज्या हाताने दगड मारला
त्याच हाताचा अंगठा कागदावर उमटला.
कागद म्हणाला, ही आपल्या खुशीने गेली.
नव्या देशा, तू मला छप्पर दिलंस.
आता मला खुशी विचारू नकोस.

पहिल्या चार ओळी मी जशाच्या तशा नेल्या. अंगठ्यापाशी अडले. कुठला कागद, कसली खुशी, मला कळेना. धनमाया तेव्हा समोर बसलेली होती. मी विचारलं नाही. कविता शिकवणारी बाई मी. कळत नसलेल्या ओळीपाशी थांबायचं, हे अकरा वर्षं मुलींना सांगत आले होते. पण कॅरलचे शब्द डोक्यात होते : "दुःख असू दे, पण शेवट उजेडाकडे जाऊ दे. नगरपालिकेचे लोक येणार आहेत, देणगीदार येणार आहेत." मी अंगठा काढला, कागद काढला. शेवटी लिहिलं, 'नव्या देशा, तू मला छप्पर दिलंस, थँक्यू. आता मी खुशीत आहे.' कॅरलनं वाचलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी बघून मला फार बरं वाटलं होतं.

आता धनमायासमोर बसून मी छापलेलं इंग्रजी परत हिंदीत सांगू लागले. खोटं सांगायची सोय होती. पण बिष्णूचं बोट अजून त्या शब्दावर होतं. मी सगळं सांगितलं, शेवटच्या ओळीसकट.

"खुशीत?" धनमाया म्हणाली. "मी?"

"आमा, ती कागदाची ओळ मला कळली नव्हती."

"मग विचारायचं."

तिनं पाय खाली सोडले आणि सांगायला लागली. आवाज चढवला नाही, की कुठे थांबली नाही.

"आमच्या घरी साहेब आले. बरोबर बंदूकवाले. माझ्या नवऱ्याला त्यांनी आधी नेलं होतं, तीन महिने. परत आला तेव्हा त्याला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. साहेबानं कागद काढला. मी म्हटलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, तुम्ही आपल्या खुशीने देश सोडून जाताय असं लिहिलंय. मी म्हटलं, मी तर जात नाहीय. त्यानं नवऱ्याकडे बघितलं, आणि माझा हात धरून अंगठा लावून घेतला. मग दुसऱ्याकडे कॅमेरा होता. मला उभं केलं आणि म्हणाला, हस. मी हसले. नवरा बाजूला होता ना, म्हणून हसले. छावणीत लोक विचारायचे, तुम्ही का आलात? आमच्याकडे उत्तर काय? कागद म्हणतो खुशीने आलो, फोटोत पण हसतोय. तो कागद अजून कुठेतरी असेल, नानी. मी मेले तरी तो तसाच राहणार. म्हणून मी गाणं केलं. माझ्याकडे दुसरं काय होतं?"

सभागृहाच्या काचेतून बाहेरचं बर्फ दिसत होतं, वितळून काळं पडलेलं. माझ्या मांडीवर ती पुस्तिका होती. मला ती कुठे ठेवावी कळेना.

"मला लिहिता येत नाही," धनमाया म्हणाली. "माझ्या वतीनं दोनदा दुसऱ्यानं लिहिलं. एकदा त्या साहेबानं, एकदा तू."

"मी उद्या जाऊन सांगते, आमा. नाहीतर तुम्ही गाऊच नका."

"का नको? मी गाणार." ती उठली, चप्पल काढून बर्फातले बूट चढवायला लागली. "माझं मी गाणार. तू काय वाचायचं ते तू बघ."

गुरुवारी सकाळी मी कॅरलच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोनशे प्रती छापून झाल्यात, कुंडा."

"चूक माझी आहे. मी चिठ्ठ्या लिहून प्रत्येक प्रतीत चिकटवते."

"सुंदर अनुवाद आहे तो. कुणीही ताडून बघणार नाही."

"ती बघते, कॅरल. तिची सून बघते."

तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "हे लोक केंद्राला पैसे देतात म्हणून तुझी नोकरी आहे, माझीही आहे. त्यांना एका संध्याकाळी असं वाटू दे ना की आपण काहीतरी चांगलं केलं. त्यात कुणाचं नुकसान आहे? छापलंय ते वाच. पुढच्या महिन्यात आपण शांतपणे दुरुस्त करू."

"पुढच्या महिन्यात सभागृहात कुणी नसेल."

"मी तुला छापलेलं वाचायला सांगतेय," कॅरल म्हणाली. आवाज मऊच होता, पण मुद्दा संपला होता.

शुक्रवारी सकाळी गाडीत मी शिरीषना सगळं सांगितलं. ते मला केंद्रावर सोडून पुढे कामावर जायचे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "जून जवळ आलाय, कुंदा."

"माहीत आहे."

"परत अंडी भरशील?"

"भरेन."

"म्हणजे तू खरं तेच वाचणार आहेस."

"हो."

"मग मला सांगतेस कशाला?" सिग्नल सुटला. पुढच्या वळणावर ते म्हणाले, "चारला सुट्टी मागून घेतो. मागच्या रांगेत बसतो. एकटी उभी आहेस असं वाटायला नको."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बसून मी खरा अनुवाद केला. एका ओळीला चार-चार वेळा हात लावला. 'खुशी'ला इंग्रजीत दोन शब्द होतात. एक मर्जीचा, एक आनंदाचा. धनमायाच्या गाण्यात एकच शब्द दोन्हीकडे उभा होता, आणि सगळं गाणं त्याच्यावरच होतं. मला तो इंग्रजीत सापडला नाही. शेवटी मी तो शब्द तसाच ठेवला. 'खुशी'.

साडेपाचला सभागृह भरलं. बाहेर अजून ऊन होतं. एक सुदानचा माणूस नदीवर बोलला, एका सिरियन बाईनं आईच्या हातच्या भाकरीवर कविता म्हटली, लोक मान डोलावत होते. नववं नाव धनमायाचं. ती हिरव्या लुगड्यासारखं काहीतरी नेसली होती, वरून मी दिलेला स्वेटर. माइक तिला उंच पडला, तिनं तो बाजूला सारला आणि तशीच गायली. तिचा आवाज बारीक होता, पण मागपर्यंत पोचला. डोळे उघडे ठेवून गात होती, समोरच्या लोकांकडे बघत.

मग मी गेले. पहिल्या रांगेत कॅरल बसली होती. लोकांनी नववं पान उघडलं होतं. मी टेबलाला टेकून उभी राहिले.

"कृपा करून पुस्तिका मिटा," मी म्हटलं. "नवव्या पानावर छापलंय ते धनमाया राईंचं गाणं नाही. त्यांनी या देशाचे आभार मानलेले नाहीत आणि त्या खुशीत आहेत असंही म्हटलेलं नाही. ते मी घातलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून घातलं, आणि मला इथे राहायचं आहे म्हणून घातलं. एका देशात यांच्या वतीनं कागदावर लिहिलं होतं की या आपल्या खुशीने गेल्या. तो कागद खोटा होता. माझाही खोटा आहे. आता त्यांचं ऐका."

आणि मी वाचलं. वाचताना फक्त माझ्या हातातल्या कागदाकडे पाहत होते. शेवटची ओळ संपली. टाळी पडली नाही. कुणीतरी खोकलं. कॅरल मांडीवरच्या हातांकडे बघत होती. मी मनात म्हटलं, ठीक आहे, संपलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक म्हातारा उठला. उंच, वाकलेला, हातात टोपी. गावाबाहेर त्याची गुरांची मोठी शेती होती, सगळे त्याला ओळखत. वॉल्टर फ्रीसन त्याचं नाव. असल्या कार्यक्रमात मधे उठून कुणी बोलत नसे.

"मला त्या बाईंना एक विचारायचंय," तो म्हणाला. "दगड गाईला लागला का?"

मी धनमायाला विचारलं. तिला वाटलं मी चुकीचं सांगतेय. "काय म्हणतो?" तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं.

ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पहिला मी मुद्दाम चुकवला. तरी ती येत होती. ओढ्यात पाणी होतं, पोटात वासरू, बुडली असती. दुसरा मारला तो लागला. इथे." तिनं स्वतःच्या कपाळावर दोन भुवयांमध्ये बोट ठेवलं. "थांबली. माझ्याकडे बघत थांबली. मग मी वळले."

मी सांगितलं. तिनं जिथे बोट ठेवलं तिथे माझंही बोट गेलं.

"एकवीस वर्षं झाली," धनमाया पुढे म्हणाली. "कागदाबद्दल पुष्कळांनी विचारलं. गाईचं कुणी विचारलं नाही."

तेही मी सांगितलं. म्हातारा मान हलवत खाली बसला. त्याच्यानंतर कुणीतरी टाळी वाजवली, पण ती फार वेळ चालली नाही, आणि ते बरंच झालं.

कॉफीच्या वेळी तो आमच्याकडे आला. मला म्हणाला, माझं बोलणं तिला नीट सांगशील ना? मी म्हटलं, शब्द न् शब्द सांगेन.

"माझी आई सात वर्षांची होती तेव्हा रशियातून निघाली. घोडागाडीतून स्टेशनपर्यंत. त्यांचा कुत्रा गाडीमागून पळत आला. आई मरेपर्यंत त्याचं नाव घ्यायची. नव्वदाव्या वर्षी दारात उभी राहून हाका मारायची. आम्हाला वाटायचं, म्हातारी भ्रमिष्ट झाली."

धनमायानं ऐकलं आणि विचारलं, "नाव काय?"

"मिश्का."

"मिस्का."

"मिश्का," तो म्हणाला.

"मिश्का," ती म्हणाली. म्हाताऱ्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. जाताना बिष्णूच्या पुस्तिकेवर त्यानं आपला फोन नंबर लिहिला. मे महिन्यात वासरं होतात, बघायला या म्हणाला.

कॅरल शेवटी आली. खुर्च्या उचलत होतो आम्ही. "कदाचित तुझं बरोबर असेल," ती म्हणाली. "पण मी नको म्हटलेलं तू केलंस." मी म्हटलं, "हो, केलं." तिनं माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि भिंतीला लावली. त्यानंतर आमच्यात तेवढी मोकळीक कधी राहिली नाही.

जूनमध्ये करार वाढला नाही. निधी कमी झाला असं पत्रात होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही, खरंच कमी झाला होता. मी पुन्हा अंड्यांवर गेले. चौदा महिने. त्यातच दुभाष्याची परीक्षा दिली, एकदा नापास झाले, परत दिली. आता नऊ वर्षं मी कोर्टात आणि इस्पितळात काम करते. समोरचा माणूस जे बोलतो ते सांगायचं, कळलं नाही तर हात वर करून थांबवायचं. न्यायाधीश कधी कधी वैतागतात. वैतागू देत.

पण हे पुढचं. त्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या दाराची घंटा वाजली. मी पोहे फोडणीला टाकत होते. शिरीषनी दार उघडलं. बाहेर धनमाया आणि बिष्णू. घरी कधी आल्या नव्हत्या. धनमाया सरळ आत आली, बूट काढले, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"वही आण," ती म्हणाली. "लिही."

"आत्ता?"

"मग कधी? मी सदुसष्ट वर्षांची. छावणीत म्हटलेली गाणी आहेत, त्याआधीची आहेत. पण हे नवीन आहे, ते आधी लिही, नाहीतर विसरेन. आणि जे कळणार नाही तिथे मला थांबव."

मी गॅस बंद केला, वही घेऊन समोर बसले. तिनं घसा साफ केला आणि गायला लागली, प्रत्येक ओळीमागून तिचं हिंदी सांगत. दुसऱ्या ओळीपर्यंत मला कळलंच नाही. मग एक गाडी आली, घोडे आले, आणि मागे धुरळ्यातून पळणारा कुत्रा आला. तिनं कधी न पाहिलेल्या देशातला, मी जन्मण्याआधी कधीच मेलेला. गाडीतली मुलगी मागे तोंड करून बसलेली होती. मी भरभर लिहीत होते. बिष्णू टेबलाला रेलून ऐकत होती, शिरीष दारात उभे होते.

कुत्रा स्टेशनपर्यंत आला, आगगाडी सुटली, आणि गाणं तिथेच थांबलं.

"आमा," मी म्हटलं, "तो मागे वळला की आगगाडीमागे पळत राहिला?"

"मला काय माहीत?" धनमाया म्हणाली. "माझ्या मनानं कसं घालू? त्या म्हाताऱ्याला फोन लाव. विचार त्याला."

बिष्णूनं पिशवीतून पुस्तिका काढून नंबर माझ्यासमोर धरला. मी फोन लावला.